निकाल उद्याच्या अंकात

माझे यजमान मुंबईच्या एका मराठी दैनिकात खेळांवर लिहीत. रेवदंड्याला आमच्या घरी ही गोष्ट जरा दबक्या आवाजातच सांगितली जाई. मामंजी शाळेचे हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. वकील व्हायचा तो मुलगा लोकांचे चेंडू मोजत बसतो, हे त्यांच्या गळी कधी उतरलं नाही. कुणी विचारलंच तर ‘मुंबईला पेपरात असतो’ एवढं सांगून ते विषय बदलत. दुपारच्या बोटीनं पेपर आला की बातम्यांपासून जाहिरातींपर्यंत सगळं वाचत, फक्त ह्यांचं पान सोडून. ते पान घडी घालून माझ्याकडे येई. मी त्यावर तांदूळ निवडायला घ्यायची आणि निवडता निवडता वाचायची.

मामंजींना गावात मान होता तो त्यांच्या शब्दाचा. वाडीच्या हद्दीचा तंटा असो, नाहीतर होडीच्या वाटणीचा, ‘मास्तर म्हणाले ना, मग झालं,’ असं लोक म्हणत. आम्हां घरच्यांना मात्र त्या खरेपणाचा जाचच व्हायचा. नको असलेला माणूस दारात आला तर ‘मामंजी घरात नाहीत’ असं सांगायचीही सोय नव्हती. ते आतून ओरडत, ‘आहे मी!’

अशात ह्यांना रेडिओवर बोलण्याचं निमंत्रण आलं. मोठ्या सामन्यांच्या दिवसांत, संध्याकाळी, मराठीतून दिवसभराच्या खेळाचं वर्णन करायचं. उन्हात मैदानावर बसायचं, तिथून धावत कचेरीत जाऊन मजकूर द्यायचा, की पुन्हा धावत रेडिओवर. संपादकांना हे जोडकाम मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी परवानगी दिली ती एका अटीवर. वर्णन हवं तेवढं करा, पण निकाल सांगायचा नाही. दुसरा कुणी सांगो. आपल्याच माणसानं सांगून टाकला तर सकाळी आपला पेपर घेईल कोण? ह्यांनी तसा शब्द दिला. दिवाळीत घरी आले तेव्हा हे सगळं मला मोठ्या फुशारकीनं सांगितलं. मुंबईत ते खपूनही गेलं असेल. तिथं निम्मं शहर मैदानावरूनच परत येत असतं. आमच्याकडे त्याचं काय होईल, हे ना ह्यांच्या डोक्यात आलं, ना माझ्या.

गावात रेडिओ एकच, डॉक्टरांकडे. बॅटरीवर चालायचा आणि त्याची तार अंगणातल्या उंच पोफळीला बांधलेली होती. सामन्याच्या शेवटच्या दिवशी हे बोलणार, अशी बातमी पसरली आणि डॉक्टर स्वतः मामंजींना बोलवायला आले. मला वाटलं, मामंजी काहीतरी कारण सांगतील. कसचं काय! दुपारीच त्यांनी गड्याला माडावर चढवलं, सगळ्यांना पुरतील एवढी शहाळी काढून डॉक्टरांकडे पाठवली. ठेवणीतला कोट घातला. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, ‘या हो संध्याकाळी. आमचा मुलगा बोलणार आहे.’ आमचा मुलगा! मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते.

पुरुष ओसरीवर बसले, आम्ही बायका माजघरात दाराआड. मामंजींना खुर्ची दिली होती. शेजारी पोस्टमास्तर, त्यांच्या पलीकडे बंदरावरचे दोघेतिघे होडीवाले, शाळेतले शिक्षक. खरखर झाली आणि ह्यांचा आवाज आला. आवाज ह्यांचाच, पण इस्त्री केलेला. मैदानावरचं ऊन, लांबत गेलेल्या सावल्या, फलंदाजानं पाय कसा पुढे टाकला, गोऱ्यांचा कप्तान कसा कपाळावर हात मारून घेत होता, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. क्रिकेट कधी न पाहिलेली माणसं शहाळं हातात तसंच धरून ऐकत होती. मी फटीतून मामंजींकडे बघत होते. ते मान हलवत होते, चांगल्या कीर्तनाला हलवावी तशी.

आणि मग हे म्हणाले, ‘अखेर विजयश्रीनं कोणाच्या गळ्यात माळ घातली, हे वाचकांना उद्याच्या अंकात समजेलच. नमस्कार.’

बॅटरी संपत आली होती म्हणून डॉक्टरांनी रेडिओ बंद केला. मग एका होडीवाल्यानं विचारलं, ‘मंग जिकलं कोन?’

हशा पिकला. दुसरा म्हणाला, ‘मास्तर, तुमाला तरी सांगलंय का न्हाय पोरानं?’ पुन्हा हशा. त्यात काही वाकडं नव्हतं, आमच्याकडची माणसं अशीच बोलतात. पण मामंजींचे कान लाल झाले. इतकी वर्षं ज्या मुलाला लपवला, त्याला आज कोट घालून सगळ्यांसमोर आणला होता, आणि त्याचं हसं होत होतं.

ते म्हणाले, ‘सांगितलंय तर! आपलेच जिंकले. मला तार आली मघाशी.’

ओसरी एकदम आनंदली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. दाराआड मलाही बरं वाटलं, वाटलं, सुटलो. मग माझी नजर पोस्टमास्तरांवर गेली. गावात येणारी प्रत्येक तार त्यांच्याच हातून जायची. ते खाली बघत होते. हातातलं शहाळं त्यांनी हळूच बाजूला ठेवलं आणि कुणाचा निरोप न घेता वहाणा घालून निघून गेले. मामंजींनी त्यांना जाताना पाहिलं. तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं असावं, की आपण काय बोललो आणि कुणाच्या शेजारी बसून बोललो. मी पदर तोंडावर ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी बोटीनं पेपर आला. आपले हरले होते.

पोस्टमास्तर कुणाजवळ काही बोलले नाहीत, पण आता बोलायची गरजच नव्हती. बंदरावर कुणी बढाई मारली की ‘ह्याला तार आली रं’ असं म्हणायची पद्धत पडली. मामंजी संध्याकाळी देवळाच्या पारावर जाऊन बसत, ते त्यांनी सोडलं. एकदा हद्दीचं भांडण घेऊन दोघे दारात आले, तर मामंजींनी त्यांना सरपंचाकडे पाठवलं. मी आतून ऐकत होते. मला त्या दोघांपुढे जाऊन पाणी द्यायचीही लाज वाटली.

शिमग्याला हे आले ते हसतच. तारेची गोष्ट त्यांना धक्क्यावरच कळली होती. ‘अण्णांनी कमाल केली!’ म्हणाले. मी म्हटलं, ‘हसू नका.’ ह्यांना माझ्या रागाचं कारण कळेना. चिडून मी सगळं सांगितलं, पारापासून हद्दीपर्यंत. ‘अगं, लोक विसरतील,’ एवढं म्हणून आंघोळीला गेले.

दुपारी बापलेक जेवायला बसले. मी वाढत होते. मामंजी बराच वेळ भात कालवत राहिले. मग मुलाकडे न बघताच म्हणाले, ‘पुढच्या सामन्याला निकालाची एक तार मला करशील? मी ती कुणाला दाखवणार नाही. पोस्टात माझ्या नावानं आली म्हणजे झालं.’

आयुष्यात त्यांनी ह्यांच्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. मी वाडगं हातात धरून उभी राहिले.

‘तसं नाही करता येणार, अण्णा,’ हे अगदी सहज म्हणाले. ‘निकाल कुठं बाहेर जाऊ द्यायचा नाही, असा शब्द दिलाय मी संपादकांना.’

मामंजींनी मान हलवली. ‘बरोबर आहे. शब्द दिला असशील तर मोडू नकोस.’

‘अर्थात,’ हे म्हणाले आणि माझ्याकडे ताक मागितलं. मी वाढलं. लाजेनं मला दोघांच्याही तोंडाकडे बघवेना.