कौलात न विचारलेला प्रश्न

आधीच माफी मागतो. मी हे लिहावं की नाही, मला ठाऊक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नाही. आजारावर डॉक्टरांनी लिहावं, देवळावर मानकऱ्यांनी लिहावं, असंच मला वाटत आलंय. मी दोन्ही नाही. काही चुकलं तर माझं चुकलं. देवाचा अपमान करायचा माझा हेतू नाही.

कोकणात तळेऱ्याहून आत आमचा गाव. शिमगा होऊन गेला होता. मी देवळाच्या पायरीखाली उभा होतो. आमच्या वाडीची जागा तीच. वर गुरवाने देवाच्या पाषाणाला फुलाच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. एक उजवीकडे, एक डावीकडे. जी आधी पडेल ते देवाचं उत्तर. याला आम्ही कौल म्हणतो.

प्रश्न मांडतात ते बापू. गावचे मानकरी. काजूची मोठी बाग त्यांची. माझे आजोबा त्या बागेत राबले, बाबा अजून राबतात.

बापूंनी विचारलं, "बाहेरची बाधा आसा तर डावो दी. अंगातलो आळस आसा तर उजवो दी."

उजवी पाकळी पडली.

मग त्यांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या पोराक कॉलेजाचो वारो लागलो आसा. काम नको झाला आसा. ह्येचो आळस काढ आणि ह्येका ह्येच्या जाग्यार आणून ठेव रे म्हाराजा."

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

माझे बाबाही म्हणाले. माझ्या शेजारी उभे राहून. मोठ्याने.

मी मान खाली घातली. मलाही ते खरं वाटलं.

कारण मला थकवा यायचा. काम करून येतो तसा नाही. उठल्यावर यायचा. दहा तास झोपून उठावं आणि पाय जमिनीला लावताना रडू यावं, तसा. एसटीत पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची, अर्थ लागायचा नाही. एकच ओळ चारदा वाचायचो. चेहरा सुजल्यासारखा दिसायचा. भर उकाड्यात मी स्वेटर घालून बागेतल्या खळ्यात बसायचो. सुट्टीत बाबांबरोबर काजूच्या बिया गोळा करून वाळत घालायला जायचो तेव्हा पोरं म्हणायची, "ह्येका बियांवांगडा वाळत घाला रे, मगे तरी गरम जातलो." मीही हसायचो. काय करणार.

कौलाने ठरलं ते असं. मी एकवीस दिवस पहाटे देवळाचं आवार झाडायचं. अंग हलकं झालं तर बरं. नाही झालं तर परीक्षा सोडायची आणि बापूंच्या बागेत कायमचं यायचं. बाबांनी मान हलवली. मला कुणी विचारलं नाही.

कुणीतरी गाऱ्हाण्याचा व्हिडिओ काढला होता. तो गावच्या ग्रुपवर गेला, तिथून कॉलेजात पोचला. मी वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून आवाज यायचा. "व्हय म्हाराजा."

जीवशास्त्राच्या बाईंनी तो एकदा ऐकला. बाई ख्रिश्चन, माहेर गोव्याकडचं. कमी बोलतात. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. मला वाटलं, आता यांचंही ऐकायचं.

"घसा कधीपासून बसलाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, दिवाळीपासून असेल.

"आणि या उकाड्यात स्वेटर?"

थंडी वाजते, म्हटलं. सांगतानाही लाज वाटली.

बाईंनी हजेरीपट मिटला. मग म्हणाल्या, "मी डॉक्टर नाही. पण हा आळस असेलच असं नाही. ओरोसला जिल्हा रुग्णालयात जा. रक्त तपासून घे."

त्या दिवसापासून मी दोन गोष्टींना घाबरलो. रक्तात काहीतरी भयंकर निघेल ही एक. दुसरी तिच्याहून मोठी. रक्तात काहीच निघणार नाही. मग बापू खरे. मग बाग. मी आजारी निघावं म्हणून प्रार्थना करत होतो. एकोणिसाव्या वर्षी. अशी प्रार्थना कुणाला सांगणार?

चौदाव्या दिवशी झाडता झाडता माझे हात थांबले. खरंच थांबले. मी झाडू घेऊन पायरीखाली बसलो. बापू समोरून आले. म्हणाले, "झाडू तुका धरता काय तू झाडूक?"

मी उठून उभा राहिलो. दवाखान्यात सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं. त्यासाठी पहिली गाडी पकडायची, म्हणजे झाडणं चुकणार. हे मी रात्रभर पाठ केलं होतं.

"बापूनू, मी उद्या येवचंय नाय. ओरोसाक जातंय, रक्त तपासूक."

"देवान सांगितलेल्याक तुका दाक्तराची साक्ष व्हयी?"

आणि तेव्हा मला ते दिसलं. इतके दिवस समोर होतं. देवाला विचारलं होतं, बाधा की आळस. दोनच वाटा. पाकळी कुठलीही पडली असती तरी तिसरं उत्तर देवाला देता आलं नसतं. कारण प्रश्न देवाचा नव्हता. बापूंचा होता.

मी म्हटलं, "माका आजार आसा काय, ह्या देवाक कोणी इचारूकच नाय."

बापूंनी माझ्या हातातल्या झाडूकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाले, "झाडू ठेव. बापाशीक पाठव."

दुसऱ्या दिवशी मी रक्त देऊन आलो. तिसऱ्या दिवशी बाबांना ताप भरला. वाडीत कुजबुज सुरू झाली. आई उंबऱ्यावर बसून राहिली. माझ्याकडे बघायची, नजर वळवायची. शेवटी म्हणाली, "झिला, अजून येळ आसा. जावन पाया पड." मी निघालोही. वळणापर्यंत गेलो. तिथून देवळाचा कळस दिसतो. मी खरंच देवाला दुखावलं असेल तर? बाबांना काही झालं तर? मी तिथे किती वेळ उभा होतो माहीत नाही. मग परत फिरलो. धैर्य नव्हतं ते. पुन्हा त्या पायरीखाली उभं राहणं त्या भीतीपेक्षा वाईट होतं, एवढंच.

बाबांचा ताप उतरला. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

रिपोर्ट आणायला मी एकटाच गेलो. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवून एका आकड्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, हे खूप वाढलंय. गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी असते. तिच्यातून येणाऱ्या हार्मोनवर सगळ्या शरीराची गती ठरते. तुझ्या ग्रंथीतून तो फार कमी येतोय. म्हणून थकवा, थंडी, बसलेला आवाज, वाचलेलं न कळणं. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची, बहुधा आयुष्यभर. मनाने बंद करायची नाही. फरक पडायला काही आठवडे लागतील.

"म्हणजे आळस नाही?" मी विचारलं.

"आळस मोजायची तपासणी आमच्याकडे नाही," त्या म्हणाल्या. "हा आजार आहे."

मला आनंद झाला नाही. 'आयुष्यभर' हा शब्द कानात राहिला. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असा त्रास?

नाही म्हणणार होतो. तोंडातून निघालं, "आत्या."

माझी आत्या. लग्नानंतर दोन वर्षांत सासरच्यांनी परत आणून सोडलेली. सून झोपते म्हणून. सुजलेला चेहरा, घोगरा आवाज, मे महिन्यात अंगावर घोंगडी. बारा वर्षं ती आमच्या पडवीत आहे. तिला आम्ही सुस्त म्हणतो. मीसुद्धा म्हटलंय. तिच्यासमोर.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला. मग विचारलं, "बापूंका काय सांगू?"

म्हटलं, सांगा, झिल परीक्षेक बसता.

गोळी सुरू केली आहे. अजून थकतो. अजून घाबरतो, बापूंची गाडी रस्त्यात दिसली तरी कडेला सरतो. येत्या सोमवारी पहिल्या गाडीने आत्याला घेऊन ओरोसला जाणार आहे. कुणाची परवानगी मागणार नाही. तपासणीत काय निघेल मला माहीत नाही. पण काहीही निघालं तरी तिला सुस्त म्हणणाऱ्याला मी गप्प ऐकून घेणार नाही. तो माझा बाप असला तरी.