डोनेगालच्या डोंगरातली निळी माती

"त्या डोंगरात पाणी कुठे साचतं गं?"

आयर्लंडमध्ये, डब्लिनला लागून असलेल्या सँडीफोर्डच्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरचे डोंगर दिसतात. आईने हे विचारलं तेव्हा मी लॅपटॉप उघडून मीटिंगमध्ये बसले होते, पण माझे कान टवकारले. महिन्याभरात तिने स्वतःहून विचारलेला तो पहिलाच प्रश्न होता.

आई अकोल्याची. कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. गेल्या वर्षी तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. ती चांगली हिंडूफिरू लागली होती, म्हणूनच तिला इकडे बोलावलं. पण आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात ती बिल्डिंगबाहेरच्या ओल्या फरशीवर घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण धीर पार मोडला. तेव्हापासून सोफा ते खिडकी आणि खिडकी ते सोफा एवढंच तिचं चालणं. बाहेर जाऊ या म्हटलं की, "नको बाई, मी इथेच बरी."

त्या प्रश्नानंतर मात्र ती बोलत सुटली. थंड डोंगरातल्या घळींमध्ये वर्षभर पाणी मुरत राहतं, निचरा होत नाही, आणि खालची माती हवेवाचून निळसर राखाडी होते. तिला म्हणतात ग्ले. "आपल्याकडे चिबड, पाणथळ जमीन असते, पण ही निराळी. वर्गात दर वर्षी फळ्यावर काढायची मी ही माती. निळा खडूही न्यायची खास. पाहिली मात्र कधीच नाही."

मी त्याच दुपारी सुट्टी टाकली.

आता तुमच्यासाठी थोडी कामाची माहिती. डब्लिनजवळचे डोंगर बरेचसे संरक्षित आहेत, तिथे वाटेल तिथे खणता येत नाही. खणायचं तर खाजगी जमीन हवी, आणि मालकाला आधी विचारायला हवं. माझ्या ऑफिसातल्या एकीचा मामा, युजीन, डोनेगालमध्ये लेटरकेनीच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत मेंढ्या पाळतो आणि घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. तो फोनवर म्हणाला, "चिखल बघायला येताय? माझ्याकडे भरपूर आहे. ग्रँड!"

दुसरी गोष्ट रस्त्याची. नकाशा तुम्हाला उत्तर आयर्लंडमधून जवळच्या वाटेने नेईल. आई-बाबा भारतातून आले असतील तर आधी त्यांचा व्हिसा तपासा, तो भाग ब्रिटनमध्ये येतो, तिकडे वेगळे नियम लागतात. आम्ही दोघी सरळ स्लायगोमार्गे गेलो. लांबचा रस्ता, पण सुंदर. पेट्रोल पंपावरच्या डेलीत बटाट्याचे गरम वेजेस घेतले, आईने त्यांवर डब्यातला ठेचा टाकला आणि काउंटरवरच्या मुलीला चाखायला दिला. त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने आणखी मागितला. खर्चाचं म्हणाल तर न्याहारीसकट खोली डब्लिनच्या मानाने फारच स्वस्त पडली. गाडी मात्र हवीच, तिच्याशिवाय तिकडे पान हलत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी पोचलो. युजीन साठीचा, उंच, कमी बोलणारा. त्याने आईच्या हातातली काठी पाहिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "वरच्या घळीत माझी मेंढरंसुद्धा रुततात. आईंना अंगणातूनच दाखव."

आईने ते ऐकलं. तिचं इंग्रजी उत्तम आहे. जेवताना तिने घरून आणलेली भाकरी दोनदा नको म्हटली. मला वाटलं, संपलं. उद्या ही पुन्हा खिडकीपाशी बसणार.

सकाळी उठले तर ती व्हरांड्यात बसून युजीनच्या बायकोचे जुने रबरी बूट पायात चढवत होती. आत मोज्यांचे दोन जोड. (ट्रेकिंगचे महागडे बूट घरी ठेवा. या जमिनीवर गुडघ्यापर्यंतचे रबरी बूटच कामाचे.)

"आई, अगं..."

"काऊन घाबरतेस? पाय माझे आहेत ना?"

युजीनने लांब दांड्याचं अरुंद फावडं खांद्यावर टाकलं आणि आम्ही निघालो. पाऊस नव्हता, पण हवेतच पाणी होतं. चष्मा पुसावा तेवढा थोडा. कुंपण ओलांडल्यावर पाऊलवाट संपली आणि मी दहाबारा पावलांतच मांडीपर्यंत खाली गेले. हिरवंगार मऊ शेवाळ पाहून मी तिथे पाय टाकला होता. युजीनने बखोटीला धरून मला वर ओढलं. बूट आतच राहिला, तो नंतर हात घालून काढावा लागला.

मागे वळून पाहिलं तर आई जागच्या जागी उभी होती. मला वाटलं, घाबरली. पण ती जमीन वाचत होती.

"तिथे नको जाऊस," ती म्हणाली. "शेवाळ म्हणजे पाणीच. हे लव्हाळ्यासारखं गवत आहे ना, तिथे वरून घट्ट पण खाली ओल. आणि तो नेचा दिसतो का, तपकिरी पडलेला? तिथे निचरा चांगला. नेच्यानेच चला."

आणि ती पुढे झाली. काठी आधी टेकवायची, दाबून बघायची, मग पाऊल. नेच्याच्या पट्ट्यावरून ती आम्हाला तिरकी वर घेऊन गेली. मी मागून तिच्या गुडघ्यांकडे बघत चालले होते. एकदा तिची काठी घसरली. मी धावले, तर तिने हात वर करून मला थांबवलं, स्वतःला सावरलं आणि पुन्हा काठी टेकवली.

घळीत पोचलो. दोन उतारांच्या मध्ये बारीक ओहोळ, दोन्ही बाजूंना काळपट ओली जमीन. युजीनने फावडं मारलं. काळा भुसभुशीत पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळ-गवताचा थर, निघाला, आणखी खाली गेलं तरी पीटच. खड्डा पाण्याने भरला. दुसरीकडे मारलं, पुन्हा तेच. तेवढ्यात खरा पाऊस सुरू झाला.

"आई, आता बास," मी म्हणाले. "मी फोटो काढते, इंटरनेटवर..."

"फोटो मी खूप पाहिले, बाप्पा!" ती पहिल्यांदाच माझ्यावर ओरडली. मग युजीनकडे वळून शांतपणे म्हणाली, "इथे पीट फार जाड आहे. उतार जिथे सुरू होतो, त्या कडेला बघू. तिथे पीट पातळ असेल आणि पाणी वरून झिरपत असेल."

युजीनने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि फावडं उचलून तिच्या मागे गेला.

उताराच्या पायथ्याशी तिने लव्हाळ्यांची एक रांग निवडली. दोन फावडी काळी गेली. तिसऱ्याला फावडं चिकटलं. युजीनने जोर लावून ओढलं, तसा ओला, चकचकीत, निळसर राखाडी गोळा बाहेर आला. सडक्या अंड्याचा हलका वास आला.

आईने काठी टाकून दिली. खरंच टाकली, बाजूला चिखलात. दोन्ही हातांत तो गोळा घेतला, अंगठ्याने चोळला, त्याची पट्टी ओढली. पट्टी लांबत गेली, तुटेना. पावसात ती नखशिखान्त भिजली होती आणि हसत होती. बाबा गेल्यानंतर तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"खडूपेक्षा छान आहे गं रंग," ती म्हणाली.

युजीन मान हलवत म्हणाला, "या मातीला मी जन्मभर शिव्या घातल्या. हिच्यावर असं खूश झालेलं कुणी पाहिलं नाही." मग तोही हसायला लागला.

उतरताना आई पुढे, मी मध्ये, आणि काठी युजीनच्या हातात.

स्वयंपाकघरात शेगडीपाशी चहा झाला, सोबत जाड ब्राऊन ब्रेड आणि लोणी. गोळा बशीत ठेवला होता. बोलता बोलता आईने बशी उजेडात धरली. गोळ्याच्या कडा मळकट पिवळ्या पडू लागल्या होत्या. "हवा लागली," ती म्हणाली. "आतल्या लोखंडाला आता गंज चढतोय." युजीन टेबलावर दोन्ही कोपरं टेकून बराच वेळ त्या बशीकडे बघत राहिला. निघताना त्याने आईचा हात दोन्ही हातांत धरला आणि मला म्हणाला, "सम वुमन, युवर मदर." म्हणजे, कमालीची बाई आहे तुझी आई.

माती सोबत आणली नाही. विमानातून भारतात नेता येत नाही हे आईलाच जास्त ठाऊक. तिने तो गोळा पुन्हा त्याच घळीच्या दिशेने टाकला.

घरी आल्यावर माझी लेक इरा धावत आली. "आजी, वॉज इट गुड क्रॅक?" इकडे मजेला क्रॅक म्हणतात हे आजीला एव्हाना कळलं होतं. "लई क्रॅक!" आजी म्हणाली.

या सहलीतून माझ्याकडे काय राहिलं? एक म्हणजे हिरव्या डोंगराकडे बघायची नजर. ऑफिसच्या खिडकीतून आता मला नेच्याचे पट्टे वेगळे दिसतात, लव्हाळ्याच्या गडद रेघा वेगळ्या. पाणी कुठे थांबलंय ते कळतं. आणि दुसरं म्हणजे रविवारची दुपार. आईने अकोल्यातल्या जुन्या विद्यार्थ्यांना व्हिडिओ कॉल लावला. त्यातले काही आता स्वतःच शिकवतात. ती स्वयंपाकघरात उभी होती, खुर्ची शेजारी असूनही. नखांत अजून राखाडी रेघ होती. तिने हात कॅमेऱ्यासमोर धरला आणि वर्गातल्या त्या खणखणीत आवाजात म्हणाली,

"आजवर मी तुम्हाला पुस्तकातलं सांगितलं. आज पाहिलेलं सांगते. घ्या लिहून."