फोल्डरखालचा हात

लांज्याहून आलेल्या त्या माणसाचं नाव आम्ही विचारलंच नाही. दादाचा आणि माझा, असे घरातले दोन कॉम्प्युटर त्याला तार न ओढता एकमेकांना जोडायचे होते. कॉम्प्युटरला हात लावून तो आधी कपाळाला लावायचा आणि मगच बटण दाबायचा. मग ओटीवरून माजघरात हाक मारायचा, "दिसतंय काय?"

शेवटी दिसलं. आमच्या बागेचे हिशेब असलेल्या 'बाग' नावाच्या फोल्डरवर बोट ठेवून त्याने खुशीत विचारलं, "बाग शेअर करू ना दोघा भावांत?"

झोपाळ्यावरून वडील कडाडले, "बागेची वाटणी? मेलोय काय मी?"

तो बिचारा ओशाळला. मानेवरचा घाम रुमालाने पुसत म्हणाला, "वाटणी नव्हे हो आजोबा. शेअर म्हणजे वस्तू एकच, दोघांनी वापरायची. तुकडा पडत नाय."

वडील स्वतःवरच हसले आणि त्यांनी त्याच्यासाठी चहा टाकायला सांगितला. दादाला आणि मला मात्र एकमेकांकडे बघवेना. आदल्याच दिवशी, वडिलांना न सांगता, आम्ही वाटणीसाठी वकिलाकडे जाऊन आलो होतो.

स्क्रीनवर त्या फोल्डरखाली, शेअर झाल्याची खूण म्हणून, एक हात उमटला होता. तळवा वर केलेला, मागणाऱ्याचा असतो तसा.