फ्रिज गौलीगुड्यात, सह्या शनिवारपर्यंत

काचीगुड्यातल्या आमच्या औषधांच्या गोदामात मी पहिल्या दिवशी पोहोचले, तेव्हा गोदामप्रमुख श्री. याकोब साळवेसर किल्ली हातात धरून, डोळे मिटून दारासमोर उभे होते. मला वाटलं, कुलूप अडकलंय. मदतीला पुढे झाले, तर सर म्हणाले, आधी प्रार्थना, मग कुलूप. आपण मालक नाही, देवाने नेमलेले कारभारी आहोत, हे रोज स्वतःला सांगावं लागतं म्हणे. मी नांदेडची, बौद्ध घरातली. मला आपलं वाटलं, अर्धं मिनिट फुकट गेलं.

सरांचा कारभार म्हणजे काय विचारू नका! ऑफिसचं पेन एकदा चुकून खिशातून नारायणगुड्याला त्यांच्या घरी गेलं, तर चहाही न घेता ते परत द्यायला आले. नाताळचा फराळ आधी वॉचमनला, मग मॅनेजरसाहेबांना. साहेब दरवर्षी रुसायचे आणि दरवर्षी खायचे.

आता माझा पराक्रम. इन्सुलिनच्या फ्रिजचं तापमान रोज पाहून रजिस्टरात लिहायचं, हे काम माझं. ते रोज चार अंशच असायचं. मी एका सोमवारी शनिवारपर्यंतच्या रकान्यांत चार लिहून, सह्या ठोकून मोकळी झाले. बुधवारी मी घरी गेल्यावर फ्रिज बंद पडला. सरांनी औषधं शेजारच्या दवाखान्यात हलवली आणि फ्रिज गौलीगुड्याला दुरुस्तीला धाडला. गुरुवारी सकाळी मी पोहोचले, तर तपासणी अधिकारी रजिस्टर उघडून बसलेले.

"मॅडम, फ्रिज किधर है?"

जमिनीवर फ्रिजच्या पायांचे चार डाग होते, बाकी काही नाही. गौलीगुड्यात त्याचं पोट उघडं पडलेलं आणि इथे माझ्या सहीनिशी तो शनिवारपर्यंत थंडगार! माझी नोकरी कायम व्हायला पंधरा दिवस उरले होते. मॅनेजरसाहेबांनी सरांना बाजूला घेऊन पान बदलायला सुचवलं. सर नको म्हणाले आणि अधिकाऱ्यांसमोर उभे राहिले.

"तापमान पाहूनच सही होते का, हे बघणं माझ्याकडे सोपवलेलं आहे. ते मी केलं नाही. शेरा माझ्या नावावर लिहा."

इतक्या वर्षांच्या नोकरीतला त्यांचा तो पहिला शेरा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी रडत माफी मागितली. सरांनी मला पाणी दिलं आणि फ्रिज आला की तापमान लिहा म्हणाले. नोकरी वाचली.

गेल्या महिन्यात सर साठ वर्षांचे होऊन निवृत्त झाले. किल्ली आता माझ्याकडे आहे आणि दारासमोर अर्धं मिनिट मीही थांबते. पण सरांचा सकाळचा फोन काही चुकत नाही. तापमान विचारतात. परवा मी खुर्चीत बसूनच चार म्हणाले.

"पाहून सांगता, की आठवून?"

मी उठले, पाहून आले. पाच होतं.

माझ्या नोकरीची अजून बावीस वर्षं आहेत. सरांना तेवढी तरी ठणठणीत लाभोत आणि त्यापुढची देवाने हात सैल सोडून द्यावीत. कारण तो फोन आला नाही, तर खुर्चीतून उठायची माझी अजून खात्री नाही.