आर्डिसच्या कपाटाची दारं

राउटरचं, म्हणजे लाकडाला खाच पाडायच्या यंत्राचं, टेबल विकत आणायचं की घरी करायचं, हे ठरवण्यात आणि मग ते करत बसण्यात ऑर्विल ट्वाइटचे सात आठवडे गेले. तेवढ्यात त्याच्या बायकोला, आर्डिसला, जिना चढवेनासा झाला आणि तिचा पलंग खाली पुढच्या खोलीत आला.

तशी गोष्ट साधीच. चीजच्या कारखान्यातून निवृत्त झाला त्या वर्षी ऑर्विलनं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कपाट केलं, दारं तेवढी राहिली. आर्डिसनं त्यात आईच्या निळ्या बशा मांडल्या आणि नऊ वर्षं त्यांच्यावरची धूळ पुसली. काचेची दारं हवीत, एवढंच तिचं मागणं. काच बसवायची तर चौकटीच्या लाकडाला आतून सरळ खाच पाडावी लागते. राउटर हातात धरून ती बारीक पट्टीवर पाडायला जावं तर ते यंत्र नुसतं थयथय नाचतं. ते टेबलाखाली उलटं टांगायचं, पातं तेवढं वर काढायचं आणि लाकूड त्यावरून सरकवत न्यायचं, म्हणजे खाच रेघेसारखी येते. ऑर्विलच्या हातांत आता पूर्वीची पकड नव्हती. टेबल हवंच होतं.

मार्चमध्ये डॉक्टरांनी आर्डिसच्या फुप्फुसांचा फोटो दाखवला. पुढचं बोलताना त्यांनी उन्हाळ्याचं नाव घेतलं, त्यानंतरच्या पानगळीचं घेतलं नाही. परतताना गाडीत ती म्हणाली, "आता तरी दारं लाव रे."

"लावतो की," ऑर्विल म्हणाला.

शनिवारी सकाळी चर्चच्या तळघरात गावातले लाकूडकाम करणारे सात-आठ म्हातारे कॉफीला जमत. तिथं त्यानं विषय काढला.

"विकतचं?" ड्वेन क्यूल ओरडलाच. "अरे, मग दारंही विकतच आण ना! आणि शनिवारी इथं येऊन आम्हाला पावती दाखव."

"मर्लनं आणलंय की," कुणीतरी म्हणालं.

"म्हणून तर त्याला गिऱ्हाईक म्हणतो आम्ही."

मर्ल हॉगननं कपात बघत सांगितलं, "गिऱ्हाइकाचं टेबल आणल्या दिवशी चालू झालं, ते नाही सांगत कुणी."

सगळे हसले. सगळं घरीच करायचं, ही या मंडळींची खोडच. यांच्यातल्याच एकानं नातवासाठी पाळणा करायला घेतला. त्याआधी त्यासाठी कामाचा बाक केला, बाकासाठी लाकूड आवळून धरायचे शिकंजे केले, शिकंजे टांगायला भिंतभर फळी केली. अखेर पाळणा न्यायला नातू स्वतःच गाडी चालवत आला! हा किस्सा ड्वेन दरवर्षी सांगे आणि ऑर्विल दरवर्षी हसे. त्या शनिवारीही हसला आणि घरी जाताना प्लायवूड घेऊन गेला.

दोन फळ्या सरस लावून एकावर एक दाबल्या, वर सनमायका चढवला. आठवड्यानं पोलादी पट्टी उभी धरून पाहिलं, तर पट्टीखालून मधोमध कागदाएवढा उजेड दिसला. त्यानं सगळा तक्ता काढून टाकला आणि पुन्हा सुरुवात केली. वर आर्डिसला खोकल्याची उबळ आली, की तो तळघरात घासायचं यंत्र चालू करी.

शेजारणी जेवणाची झाकलेली भांडी आणून ठेवत. भांड्यांच्या बुडाला त्यांच्या नावाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. ओट्यावर नावंच नावं झाली, खाणारं कुणी नव्हतं.

मुलगी रेनी राहायला आली. दोन दिवस तिनं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी तळघरात उतरली.

"बाबा, दुकानात तयार मिळतं. मी आणू?"

"विकतच्याचा तक्ता मधे खाली बसतो."

"बसू दे ना! आईला कुठं तक्ता बघायचाय?"

"आडपट्टी तेवढी राहिलीय," तो म्हणाला. लाकूड जिला टेकवून सरकवायचं, ती पट्टी त्यानं तिसऱ्यांदा कापायला घेतली होती.

त्या संध्याकाळी आर्डिसनं त्याला पलंगावर बसवून घेतलं. नाकातली प्राणवायूची नळी सारखी करत म्हणाली, "एक विचारू? दारं झाली की मी जाईन, असं वाटतं ना तुला?"

ऑर्विल नखातला सरस खरवडत राहिला.

"वेड्या, मी काय दारांसाठी थांबलेय? लागली तरी जाणार, नाही लागली तरी जाणार. लागली तर बघून जाईन, एवढंच."

सकाळी तो गावात जाऊन विकतचं टेबल घेऊन आला. खोकं गाडीत चढवायला दुकानात नेमका मर्ल सापडला. मर्लनं एक बाजू उचलली, टोपी सारखी केली आणि गिऱ्हाइकाचं नावही काढलं नाही. दुपारपर्यंत टेबल उभं राहिलं. तक्ता मधे केसभर बसलेला होता. खाचांना त्यानं काही फरक पडला नाही, संध्याकाळच्या आत सगळ्या पाडून झाल्या. ऑर्विल भुशात उभा राहून त्या पट्ट्यांकडे बघत राहिला. एका दिवसाचं काम होतं.

सरस वाळायला रात्र गेली. काचवाला म्हणाला, शुक्रवार. आर्डिसचा श्वास तर बुधवारीच वरवर चालू लागला. मग ऑर्विलनं काचेविनाच दारं लावली आणि रेनीनं चाकाची खुर्ची कपाटापुढं आणली.

आर्डिसनं एक दार पुढं-मागं करून पाहिलं. कुठं घासलं नाही. मग मिटलेल्या दाराच्या मोकळ्या चौकटीतून हात घालून तिनं एका बशीवरून बोट फिरवलं.

"काच छान पुसलीयस रे," ती म्हणाली. रेनीला हसू आवरेना. ऑर्विलला हसता आलं नाही.

शुक्रवारी सकाळी फोन वाजला. पुढच्या खोलीतलं प्राणवायूचं यंत्र पहाटेच बंद केलेलं होतं आणि ऑर्विल पलंगापाशी बसून होता. रेनी फोनवर हात ठेवून दारात आली.

"बाबा, काचवाला आहे. काच तयार झालीय, आज नेणार का विचारतोय."

"त्याला सांग," ऑर्विल म्हणाला, "काही घाई नाही."