कोमट रेडिएटर

आयर्लंडमधल्या मलिंगारच्या आमच्या घरी हीट पंप, म्हणजे घर गरम ठेवणारं विजेवरचं यंत्र, बसवायला माणूस मिळेपर्यंत सात महिने गेले. आला तो साठीचा, तेलाच्या बॉयलरवर उभा जन्म काढलेला. दारात बूट काढायचा आणि आधी भिंतीवरच्या, खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर तळहात ठेवायचा, आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

पंप बसला, तरी घर गारच. फोन केला, तर बिचारा गॉलवेहून दीड तास गाडी चालवत आला. हात ठेवून म्हणाला, "पंप बंद कोण करतं?"

"मीच. रोज कामावर निघताना." पुण्यात गिझर चालू ठेवून घराबाहेर पडणं म्हणजे आईच्या लेखी पाप.

"हा बंद करायचा नाही, घर सावकाश तापवतो हा. मंद चालू राहू दे, मग सगळं ग्रँड." चिडला मात्र नाही, स्वतःच जाऊन पंप चालू केला.

चहा देताना मी विचारलं, "तुमच्या घरी कुठला पंप?"

"तेलाचा बॉयलर आहे. या भागात पंप बसवणारे आम्ही दोघंच. दुसऱ्याकडे वर्षभराची यादी, आणि माझ्या यादीत मी शेवटचा."

निघताना त्याने बूट घातले आणि दाराजवळच्या, आता कोमट झालेल्या रेडिएटरवर हात ठेवला. तपासणी केव्हाच झाली होती, तरी हात लवकर उचलला नाही.