खिंडीत कोण कोण होतं

मुलगी सहावीत असताना तिच्या वर्गाला प्राचीन संस्कृतींवर प्रोजेक्ट होता. चिठ्ठ्या टाकून विषय वाटले गेले आणि तिच्या वाट्याला ग्रीकांची थर्मोपिलीची खिंड आली. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे चिंचोळी वाट. ती वाट अडवून उभे राहिलेले मूठभर लोक आणि समोर इराणच्या सम्राटाची अफाट फौज. शेवटी कुणीतरी डोंगरातली आडवाट शत्रूला दाखवतो, मागूनही वेढा पडतो आणि स्पार्टाचा राजा आपल्या तीनशे माणसांसह तिथेच मरतो. मला एवढंच माहीत होतं, आणि तेवढं पुरेल असं मला वाटलं होतं.

मी तेव्हा सिंगापूरला, तुआस भागात, जहाजदुरुस्तीच्या एका कंपनीत इंजिनिअर होतो. राहायला मरीन परेडला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. रविवारी डायनिंग टेबलावर प्लायवूडचा तुकडा ठेवून आम्ही बापलेक मॉडेल करायला बसलो. वर्तमानपत्राचा लगदा करून डोंगर केला, समुद्र निळ्या रंगाने रंगवला. प्लॅस्टिसिनच्या रंगीत मातीचे ग्रीक तयार झाले. इराणी फौज मात्र काही केल्या जमेना. इतकी माणसं करायची कोणी? बायकोने स्वयंपाकघरातून वाटीभर तांदूळ आणून दिले. गोंद लावून आम्ही तांदळाची फौज पसरली. पांढरीशुभ्र, एकसारखी, कुणालाच चेहरा नसलेली.

दुपारी आमच्याच मजल्यावरच्या इराणी बाई डबा परत द्यायला आल्या. नवरा शिपिंगमध्ये, महिन्यातले पंधरा दिवस बाहेर. या एकट्याच असायच्या. आमच्या घरचं वरण त्यांना आवडायचं आणि त्यांच्या पातेल्याच्या तळाची भाताची खरपूस खरवड मुलीला. टेबलाशी येऊन त्या थबकल्या.

"हे काय चाललंय?"

मुलीने सांगितलं. मग एकदम तिच्या लक्षात आलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. "आंटी, म्हणजे तुम्ही... तांदूळ तुम्ही आहात!"

बाई खळखळून हसल्या. वाकून तांदळाकडे बघत म्हणाल्या, "इतके सगळे? आणि सगळे एकसारखेच?"

"तुमच्या शाळेत काय शिकवतात या लढाईबद्दल?" मी विचारलं. मला खरंच उत्सुकता वाटली होती.

"फार नाही. एक ओळ असेल नसेल. सम्राट खिंड ओलांडून पुढे गेला आणि त्याने अथेन्स घेतलं, हे शिकवतात." त्या खुर्ची ओढून बसल्या. "मी स्वतःच शिकवायची. शिराजला, मुलींच्या शाळेत. अकरा-बारा वर्षांच्या मुलींना इतिहास."

दोन वर्षं शेजारी राहून हे आम्हाला माहीत नव्हतं. इथे त्या नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या. नोकरीची परवानगी नव्हती आणि कोणी कधी विचारलंही नव्हतं.

"आणि तांदूळ म्हणजे फक्त आम्ही नाही," त्या मुलीला म्हणाल्या. "त्या फौजेत कितीतरी देशांचे लोक होते. तुमचेही."

"आमचे?"

"सिंधूकडचे. एका ग्रीक माणसानेच लिहून ठेवलंय. सुती कपडे घातलेले, हातात वेताची धनुष्यं. शिराजजवळ जुन्या राजवाड्याचे अवशेष आहेत, मी मुलींना सहलीला न्यायची. तिथे जिन्याच्या भिंतीवर भेटी घेऊन आलेले हिंदी लोक कोरलेत. उघड्या अंगाचे. एकाच्या खांद्यावर तर हे असं..." त्यांनी खांद्यावर आडवा हात धरून दाखवला.

"कावड," बायको म्हणाली.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, वी वेअर ऑन द अदर साइड लाह!"

सकाळपासून मी ग्रीकांचा पक्ष घेऊन बसलो होतो. का, ते मात्र सांगता आलं नसतं.

त्यानंतर रोज दुपारी बाई येऊ लागल्या. मी संध्याकाळी कंपनीच्या बसने, मग एमआरटीच्या ट्रेनने, मग पुन्हा बसने घरी पोचायचो, तोवर टेबलावर काहीतरी बदललेलं असायचं. तांदळातले काही दाणे हळदीने पिवळे झाले, काही बिटाच्या रसाने लाल. ग्रीकांच्या बाजूलाही गर्दी वाढली. तीनशेंबरोबर थेस्पिया नावाच्या गावचे सातशे लोक शेवटपर्यंत थांबले होते, हे मला मुलीकडून कळलं. "त्यांचं कोणी नावच घेत नाही," ती तक्रारीच्या सुरात म्हणाली.

शनिवारी बाई, मुलगी आणि मी लायब्ररीत गेलो. तिथे मुलीला एक शब्द अडला आणि पुस्तक घेऊन ती माझ्याकडे आली. "बाबा, हेलट म्हणजे?"

मी वाचलं. स्पार्टाची शेती कसणारे, ओझी वाहणारे, मालकाची ढाल उचलून लढाईला जाणारे गुलाम. ते खिंडीतही होते आणि तिथे मेलेही होते. एके ठिकाणी लिहिलं होतं की स्पार्टाचे अधिकारी दरवर्षी या लोकांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारायचे, म्हणजे त्यांना मारलं तर पाप लागत नसे. ते वाक्य मी परत वाचलं. मग पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"काय झालं?" मुलीने विचारलं.

तिथेच, मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसून, मी तिला भीमेकाठच्या स्तंभाबद्दल सांगितलं. लहानपणी एक जानेवारीला आमचे वडील मला तिथे न्यायचे. गर्दीतून वाट काढत दगडापाशी पोचलो की मला खांद्यावर घ्यायचे आणि कोरलेली नावं मोठ्याने वाचायला लावायचे. ते शिपाई थोडे होते, समोर पेशव्यांची मोठी फौज होती, दिवसभर पाण्याविना लढले. आणि त्यातल्या पुष्कळांना त्यांच्या स्वतःच्या गावात विहिरीला हात लावता येत नव्हता.

"आपले लोक?"

"आपले."

"कोणाच्या बाजूने लढले?"

"इंग्रजांच्या कंपनीच्या."

तिने भुवया वर केल्या. "म्हणजे बाहेरच्यांच्या? का?"

हा प्रश्न मी वडिलांना कधी विचारला नव्हता. "तिथे त्यांना हातात बंदूक मिळाली," मी म्हणालो. "आणि रांगेत उभं राहायला जागा मिळाली. गावात तीही नव्हती."

मग ती बाईंकडे वळली. "आंटी, पण हेलट का थांबले? शेवटच्या दिवशी पळून का नाही गेले?"

बाईंना माझं मराठी कळलं नव्हतं, पण माझा चेहरा त्या पाहत होत्या. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "कदाचित जायला जागाच नव्हती. कदाचित कुणी मनानेही थांबला असेल. त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनी स्वतः काही लिहिलेलं नाही."

"मग मी त्यांना कुठे ठेवू?"

"तुला काय वाटतं?"

घरी आल्यावर तिने हिरव्या प्लॅस्टिसिनची माणसं केली आणि त्यांना ढालींच्या मागे न ठेवता मधेमधे, स्पार्टनांच्या शेजारी उभं केलं. ओझ्यासकट.

मॉडेल शाळेत नेताना टॅक्सीत ते मी मांडीवर घेतलं होतं. प्रदर्शनाला पालक आले होते. इराणी बाईही आल्या, गडद निळा पोशाख करून, ओठांना हलकीशी लिपस्टिक लावून. इतकं नीटनेटकं मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं. वर्गशिक्षिका मॉडेलपाशी बराच वेळ थांबल्या. रंगीत तांदूळ कोण, हिरवे कोण, सगळं विचारलं. मुलीने धडाधड उत्तरं दिली आणि मग इराणी बाईंचा हात धरून त्यांना पुढे ओढलं. "धिस इज माय हिस्टरी टीचर."

बाई पर्स उघडून त्यात काहीतरी शोधू लागल्या.

मार्क बेताचेच मिळाले. विषय सोडून भरकटलीस, असा शेरा होता. मुलगी चिडली आणि बाई तिच्याहून जास्त चिडल्या. पण प्रदर्शनातच वर्गातल्या एका मुलीच्या आईने बाईंना गाठून विचारलं होतं, तुम्ही ट्यूशन घेता का? सिंगापूरला हा प्रश्न कुणालाही कुठेही विचारतात. मला पगारी काम करता येत नाही, बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, पण शनिवारी दुपारी मी घरी असते.

अशी सुरुवात झाली. आधी दोन मुली, मग त्यांचे भाऊ, मग खालच्या मजल्यावरचा एक मलाय मुलगा. कोणी फळं आणायचं, कोणी करी पफ. बाई तीन वर्षांनी नवऱ्याच्या बदलीमुळे दुबईला गेल्या, तोवर हे चालू होतं. शनिवारी मी अर्ध्या दिवसाने तुआसहून परतायचो तेव्हा त्यांच्या दाराबाहेर लहान-मोठ्या चपलांचा ढीग असायचा आणि आतून भांडणाचे आवाज. एकदा आतला एक मुलगा तावातावाने ओरडत होता, "पण चिनी भिंत बांधणारे जेवायचे काय?" मी बूट काढले आणि आत जाऊन मागे बसलो.